काकूंच्या घरची फेलोशिप

स्वतःचा एवढा मोठा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तो मौद्याच्या अलीकडच्या एका चौकात, बसच्या खिडकीतून. फ्लेक्सवर माझ्या मागे आकाशगंगा होती, एक रॉकेट होतं आणि अणूचं चित्र होतं. वरच्या कोपऱ्यात हार घातलेले काका, ज्यांच्या नावानं मला फेलोशिप मिळते; खालच्या कोपऱ्यात हात जोडलेले त्यांचे चिरंजीव, दादा. मधोमध मी, ओढणी सावरताना. तो फोटो गेल्या वर्षीच्या जेवणाच्या वेळचा होता आणि कोणी तो काढतंय हे मला कळलंच नव्हतं. लाल अक्षरांत लिहिलं होतं : गणितात नवीन शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

शेजारच्या सीटवरच्या बाईंनी आधी फ्लेक्स पाहिला, मग मला पाहिलं, मग मान वळवून पुन्हा फ्लेक्स पाहिला. मी बॅगेतला मास्क काढून लावला. लाज वाटत होती, पण ती नुसती फोटोची नव्हती. फ्लेक्सवरचं ते वाक्य त्याच आठवड्यात खोटं ठरलं होतं, आणि हे सांगायलाच मी निघाले होते.

मी नागपुरात गणितात पीएचडी करते. माझा विषय गाठी. दोऱ्याला गाठ मारून त्याची दोन्ही टोकं जोडून टाकली, तर ती गाठ दोरा न कापता सुटेल का? सुटत नसेल तर कमीत कमी किती ठिकाणी दोरा कापून, पलीकडून घेऊन, पुन्हा जोडावा लागेल? असे प्रश्न. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात कोणी तरी मावशी किंवा आत्या मला विचारते, "मग तुझ्या लग्नाची गाठ कधी?" आणि हा विनोद जगात पहिल्यांदा आपणच केला अशी हसते. मीही हसते. ते सोपं पडतं.

सरकारी फेलोशिप माझी थोडक्यात हुकली होती. तेव्हा माझ्या सरांनी मला मौद्याजवळच्या एका राइस मिलवाल्या घराबद्दल सांगितलं. मिलचे मालक, म्हणजे काका, वारले, त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, त्यांच्या नावानं ट्रस्ट काढला आणि त्यातून एका विद्यार्थ्याला गणितासाठी पैसे द्यायचं ठरवलं. सर म्हणाले, "लोक सभामंडप बांधतात, ॲम्ब्युलन्स देतात. गणितासाठी माझ्याकडे आपण होऊन आलेलं हे पहिलंच घर."

त्या घरानं याआधीही खूप दिलं होतं, आणि दिलेल्या प्रत्येक वस्तूवर नाव होतं. गावच्या बसथांब्यावरच्या बाकांवर, शाळेतल्या पंख्यांच्या पात्यांवर, रामटेकच्या पायऱ्यांजवळच्या पाण्याच्या कूलरवर. म्हणून पहिल्या भेटीत काकूंच्या मुलानं, म्हणजे दादांनी, सरांना मनापासून विचारलं होतं, "पण सर, गणितावर नाव कुठं टाकाचं?"

सर चष्मा पुसत बसले. उत्तर काकूंनी दिलं. "राहू दे गा नाव. थे होते तवा त्यांनी तरी आपल्या गणितावर कुठं टाकलं?"

त्या भेटीसाठी मी इंग्रजीत प्रेझेंटेशन करून नेलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी बोलते, पण गणित मी कधी मराठीत बोलले नव्हते. दुसऱ्याच स्लाइडला काकू म्हणाल्या, "हे बंद कर वं. मले सांग." मी लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे एकही शब्द उरला नाही. बराच वेळ पंख्याकडे बघितल्यावर मी विचारलं, थोडा दोरा मिळेल का? त्यांनी मिलमधून सुतळीचं बंडल मागवलं. मी गाठ मारली, टोकं जोडली आणि त्यांच्या हातात दिली. "सोडवा." त्यांनी प्रयत्न केला. सुटेना. मग दुसरी दिली, ती दिसायला जास्त गुंतलेली होती, पण दोन-तीनदा सरकवली की मोकळी व्हायची. ती सुटल्यावर त्या लहान मुलीसारख्या हसल्या. फेलोशिप मला त्या सुतळीमुळे मिळाली असं मी अजूनही समजते.

अट एकच होती. दरवर्षी काकांच्या पुण्यतिथीला जेवायला यायचं आणि वर्षभर काय केलं ते सांगायचं. "लिहून नको देऊ. कागद कोण वाचते? तोंडानं सांग." मध्ये मध्ये त्यांचा फोन यायचा. भात झाला का, असं विचारावं तसं त्या विचारायच्या, "झालं का वं?" मी म्हणायची, नाही अजून. "बरं," म्हणून त्या फोन ठेवायच्या.

यंदा दिवाळीच्या आधी मी पहिल्यांदा म्हटलं, "झालं, काकू." एका विशिष्ट घराण्यातल्या, म्हणजे एकाच घडणीच्या, सगळ्या गाठी कमीत कमी किती कापांत सुटतात, ते मी सिद्ध केलं होतं. त्यांनी विचारलं, "पहिले कोणी केलं नव्हतं ना?" मी म्हटलं, "नाही." मग फोनमधून फक्त त्यांचा आवाज आला, दुसरीकडे कोणाला तरी मारलेली हाक. फोन ठेवायचं त्या विसरल्या होत्या. पलीकडून मला मिलचा घरघराट बराच वेळ ऐकू येत राहिला.

पुण्यतिथीच्या आठवड्यात सकाळी सरांचा मेसेज आला, केबिनमध्ये ये. टेबलावर चहाचे दोन कप होते, आणि सर स्वतः होऊन चहा मागवत नाहीत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. परदेशातल्या दोन गणितज्ञांचा पेपर आदल्या दिवशी इंटरनेटवर आला होता. माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या घराण्याच्या गाठींसाठी त्यांनी तेच सिद्ध केलं होतं. माझं घराणं त्यांच्या पेपरमध्ये एका उदाहरणात येऊन गेलं होतं. साडेतीन ओळी.

"असं होतं," सर म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तुझी पद्धत वेगळी आहे. छोटा पेपर होईल." आणखी थोड्या वेळानं, "काकूंना फोनवर नको सांगूस. जाऊन सांग."

चहा प्यायल्यावर त्यांनी उरलेलं सांगितलं. ट्रस्टवर काकू आणि दादा दोघंच आहेत. पुढची दोन वर्षं मला पैसे द्यायचे की नाही, हे या पुण्यतिथीला ठरणार होतं. दादांच्या मनात तालुक्याच्या शाळेत विज्ञानाची लॅब बांधायचं होतं. नव्या शोधाचं कळलं तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून सरांना सांगितलं की आता लॅब थांबू शकते, गणित चालू द्या.

म्हणजे मी खरं सांगितलं, तर ते दोन वर्षांचे पैसे जाणार होते. आणि त्या पैशांशिवाय मला शिकवण्या घ्याव्या लागल्या असत्या. गाठी मग कधी तरी, रविवारी. हे मी घरी कोणालाच सांगितलं नाही. बसमध्ये बसताना सोडायला आलेली आई म्हणाली, "चेहरा असा काय केलास?" मी म्हटलं, ऊन आहे.

थांब्यावर दादा मोटरसायकल घेऊन उभेच होते. "या मॅडम! पाह्यला का फ्लेक्स?"

"हो."

"कसा वाटला?"

"मोठा आहे."

"मोठाच पाहिजे ना बाप्पा! फ्लेक्सवाला पोट्टा रॉकेट टाकू नको म्हणत होता. मी म्हटलं टाक. गणित नसतं तर रॉकेट उडलं असतं का?" ते गाडी सुरू करता करता बोलत होते. "खरं सांगू? मी आईले म्हणत होतो, जिथं काही दिसत नाही तिथं काहून पैसे टाकतं. पण आता लोकं इचारून राहिले मले. लय बरं वाटते."

मी मागे बसले. दूरवर वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसत होत्या, दोन्ही बाजूंना धान कापून रिकामी झालेली शेतं. घरापर्यंतच्या रस्त्यात मला दोनदा सांगता आलं असतं. हेल्मेटमुळे ऐकू जाणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दादांनी हेल्मेट घातलं नव्हतं.

नातेवाईक सकाळच्या पंगतीत जेवून गेले होते. पुण्यतिथीमुळे मिल बंद होती. काकू स्वयंपाकघरात आमच्यासाठी वडे तळत होत्या. मी ओट्याजवळ उभी राहिले. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "काय झालं वं?"

एवढं विचारल्यावर मला राहवलं नाही. सगळं एका दमात सांगितलं. परदेशातले दोघं, त्यांचा पेपर, मोठं घराणं, साडेतीन ओळी. माझं आता नवीन राहिलं नाही, आणि फ्लेक्सवर मात्र तसंच लिहिलंय.

काकूंनी झारा कढईच्या काठावर टेकवला. "तुहं चुकलं का?"

"नाही. बरोबर आहे."

"त्यांनी तुहं पाहून केलं का?"

"नाही काकू. मी त्यांना माहीतही नाही."

"अन् तू त्यांचं?"

"मीही नाही."

त्यांनी गॅस बारीक केला. शेवटचा वडा काढून कागदावर ठेवला, आणि मग पाटावर बसल्या. मी उभीच होते. त्यांनी हातानं खूण केली तेव्हा मीही खाली बसले.

"याईचंबी असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. 'याईचं' म्हणजे काकांचं. "लग्नाले वरीसबी झालं नव्हतं. सासरे पडून होते म्हणून कॉलेज सोडून मिलमध्ये बसले. एक दिवस भर दुपारी घरी आले. आकड्यांचं काहीतरी सापडलं म्हणे. साऱ्या हमालांले जिलबी वाटली. मंग नागपूरले जाऊन आपल्या जुन्या मास्तरले दाखवलं. मास्तर म्हणाले, हे तर कवाचंच कोणी करून ठेवलं. पुस्तकात आहे."

"मग?"

"मंग काय. सासरे हसले. हमाल म्हणे, शेठ, जिलबी वापस द्याची का? सारे हसले." त्या पदरानं हात पुसत राहिल्या. "मी नाही हसली. पण बोललीबी नाही. ताट वाढलं. काय बोलावं थे मले समजलंच नाही. त्याच्यानंतर त्यांनी गणित नाही सोडलं. वर बसून करतच राहायचे. पण मले कधी काही सांगतलं नाही."

कढईतलं तेल शांत झालं होतं. काकू माझ्याकडे बघत होत्या. कोणी माझ्याकडे असं बघत राहिलं की मी नजर खाली करते. तेव्हा केली नाही.

"मी काय म्हणायले पाहिजे होतं वं?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. त्या आठवड्यात ज्यांना ज्यांना कळलं, त्यांनी मला धीर दिला होता. तुझं वय काय आहे, होतं असं, दुसरं काही तरी सापडेल. सगळे चांगलंच बोलले होते.

"विचारायला हवं होतं," मी म्हटलं. "कसं काढलं ते."

"मले समजलं असतं का?"

"कदाचित नसतं."

"मंग?"

"तरी."

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, ताटं घेतली आणि बाहेर दादांना हाक मारली.

दादांना मी जेवताना सांगितलं. काकू सांगतील अशी मला आशा होती, पण त्या कढी वाढत राहिल्या, आणि मला कळलं की हे माझंच काम आहे. दादांचा हात खिरीच्या वाटीवर थांबला.

"म्हणजे फ्लेक्सवर नवीन लिहून आहे थे..."

"आता नवीन नाही."

"म्या तर स्टेटस ठेवलं. सरपंचाचा फोन आला होता." त्यांनी वाटी बाजूला सरकवली. "आपला दुसरा नंबर आला म्हणा मंग."

"यात दुसरा नंबर नसतो, दादा."

"कोण आहे थे? मोठ्या मशिनी असतीन त्यांच्याजवळ."

"नाही. कागद आणि पेनच."

"मंग आपण काहून मागं राहिलो?"

त्यांनी 'आपण' म्हटलं होतं. मी पाणी प्यायले. त्यांना राग आलेला नव्हता. कबड्डीत गावाची टीम हरल्यावर माणूस विचारतो, तसे ते विचारत होते.

मग ते हळूच म्हणाले, "आई, लॅबचं मी उगाच म्हणत नव्हतो. आपल्या शाळेतल्या पोट्ट्यांनी परीक्षानळी चित्रातच पाह्यली. हिचं नवीन होतं म्हणून मी थांबलो. आता काय सांगू लोकाईले?"

"लॅब व्हायला पाहिजे," मी म्हटलं. कारण मला खरंच तसं वाटत होतं.

काकूंनी कपाळाला हात लावला. "हिले पाह्य! आपलंच ताट दुसऱ्याले सरकवते, भैताड!" दादांना हसू आलं. मलाही आलं. "जेवा पहिले," काकू म्हणाल्या. "सह्या मंग. हिनं कसं काढलं थे पाहाचं आहे मले."

हात धुऊन आम्ही पुढच्या खोलीत सतरंजीवर बसलो. सुतळी आली. मी माझ्या घराण्यातली सगळ्यात लहान गाठ मारली, मग तिच्यापेक्षा मोठी. परीक्षकांसमोर मी हे बोर्डवर मांडते तेव्हा इंग्रजी वाक्यं आपोआप येतात. इथे एकेक शब्द शोधावा लागत होता. जिथे शब्द मिळाला नाही तिथे बोट ठेवलं. हा वरून जातो, हा खालून. इथे कापलं तर मोठी गाठ लहान होते. लहान इथे कापली तर आणखी लहान. शेवटी मोकळी. हे सोपं. अवघड ते पुढचं : यापेक्षा कमी कापांत कधीच सुटणार नाही, कोणी कितीही हुशार आला तरी, हे दाखवणं.

"कितीबी हुशार?" दादांनी विचारलं. ते आतापर्यंत दाराशी फोन घेऊन उभे होते.

"कितीही."

ते येऊन बसले. फोन उलटा ठेवला.

तो अवघड भाग सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गाठीवर मी एक वेगळा दोरा फिरवायचे, लाल, म्हणून काकूंनी देवघरातला नाडा आणून दिला. तो लाल नाडा सुतळीच्या कडेकडेनं जातो आणि परत येताना किती पीळ घेऊन येतो, ते बघायचं. एका कापानं तो पीळ फार तर एवढाच बदलू शकतो. म्हणून काप कमी पडले, तर पीळ शिल्लक राहतोच. काकूंना सगळं समजलं नाही. दोनदा त्यांनी "पुन्हा" म्हटलं, आणि एकदा डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. पण डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "हा लाल दोरा तुले सुचला कसा?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. सरांनीही नाही. त्यांनी सिद्धता तपासली होती, ओळ न ओळ.

मी दादांकडे बघितलं, मग सतरंजीकडे. "सलवारमध्ये नाडी ओवताना," मी म्हटलं. "सेफ्टी पिन मध्येच उलटी फिरली. नाडी बाहेर आली तर पीळ पडलेला."

दादा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी डोळे उघडून नाड्याला बोट लावलं. "बरोबर," त्या म्हणाल्या. "पडतेच पीळ."

"त्या दोघांनीबी नाडीनंच केलं का?" दादांनी विचारलं.

"नाही. त्यांचा रस्ता लांबचा आहे. पण त्यावरून पुढे जाता येतं. माझा जवळचा, पण इथेच संपतो."

"म्हणजे रस्ता तुहाच आहे ना? मंग फ्लेक्सवर तसं लिहू?"

"काही लिहू नको गा बाप्पा!" काकू म्हणाल्या. "उतरव थो. रॉकेटसकट."

दादांनी लगेच फोन लावला आणि कोणाला तरी फ्लेक्स उतरवायला सांगितलं. फोनवर कारण विचारलं असावं, कारण दादा म्हणाले, "आमचं आम्ही पाहू, तू उतरव ना." माझ्या खांद्यांवरचं काही तरी तेव्हाच उतरलं. मग ते माझ्याकडे वळले. आवाज मिलमधल्या गिऱ्हाइकाशी बोलतात तसा झाला होता.

"आता पुढं काय करशीन?"

"अजून ठरलं नाही."

"नवीन निघन?"

"माहीत नाही, दादा."

"किती दिवस लागतीन?"

"तेही माहीत नाही."

"गिऱ्हाइकाले असं सांगतलं असतं तर बाबांचं एक पोतं इकल्या गेलं नसतं," ते म्हणाले आणि आईकडे बघितलं. "एक वरीस देऊ. लॅबचा पाया येत्या उन्हाळ्यात घेऊ. मंग पाहू."

"लॅब कर ना. मी कवा नाही म्हटलं?" काकू म्हणाल्या. "पण हिचं होतवर हिले देऊ. वरीस-फिरीस नको मोजू."

"आई, असं लिहिता येत नाही कागदावर."

"मंग जे लिहिता येते थे लिही. दोन लिही."

दादा उठले. मग आतून कागद आणले आणि दोन वर्षांचं लिहिलं. सही करताना म्हणाले, "अन् लोकाईनं इचारलं तर काय सांगू थे तूच सांग, मॅडम." मी सुतळीचे तुकडे गोळा करायला लागले. ते म्हणाले, "जाऊ दे. नाडीचं सांगतो." काकूंची सही व्हायची होती. पण त्यांनी मोठी गाठ मांडीवर घेतली होती आणि लाल नाडा स्वतः फिरवत होत्या. वरून, खालून, पुन्हा वरून. एका ठिकाणी त्या अडल्या. मी हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली.

"आई, तिची बस आहे."

"जाऊ दे. दुसरी येते."

दादा भिंतीला टेकून बसले, मांडीवर कागद घेऊन. मीही बसले. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाडा पुन्हा पहिल्यापासून घेतला. मिल बंद होती, त्यामुळे सुतळीवरून तो सरकल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.